पासष्ट लिटरची टाकी, २७ अंश पाणी आणि तीन जातींचे मासे: एक प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० सेंटिमीटर रुंद आणि ३६ सेंटिमीटर उंच होती. ती ६५ लिटरची म्हणून घेतलेली होती आणि मापांचा गुणाकार केला तर तो आकडा बरोबरही येतो. परंतु तळाशी ५ सेंटिमीटर खडीचा थर होता आणि वरच्या काठापासून ४ सेंटिमीटर जागा मोकळी सोडलेली होती. हे दोन्ही वजा केल्यावर प्रत्यक्षातले पाणी ५० लिटरच्या आसपासच उरत होते. मासे किती ठेवायचे याचा हिशोब मात्र पासष्ट लिटर धरून झाला होता.

टाकीत सुरुवातीला ओरांडा जातीचे दोन गोल्डफिश, सहा निऑन टेट्रा आणि काचेवरचे शेवाळ खाईल या अपेक्षेने आणलेला एक सकर मासा होता. आणताना गोल्डफिश प्रत्येकी ५ सेंटिमीटर, टेट्रा अडीच सेंटिमीटर आणि सकर ६ सेंटिमीटर लांबीचा होता. साधारण वर्षभराने परिस्थिती अशी झाली की टेट्रा तीनच उरले होते, गोल्डफिश ११ सेंटिमीटरचे आणि सकर १४ सेंटिमीटरचा झाला होता, आणि पाणी बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांतच पुन्हा दुधाळ दिसू लागत होते. रोज सकाळी दोन्ही गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करत. ही भूक आहे असे समजून घरातील मंडळी त्यांना उठल्या उठल्या खाद्य टाकत, आणि मासे ते खात असल्यामुळे समज अधिकच पक्का होत गेला.

पाण्याची काळजी घेतली जात नव्हती असे नाही. उलट, दर आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करून खडी धुतली जात होती, फिल्टरचा स्पंज नळाच्या धारेखाली स्वच्छ होईपर्यंत पिळला जात होता आणि ताजे पाणी भरले जात होते. टेट्रा मरू लागल्यावर, उष्णतेने रोग हटतात असे कोणीतरी सांगितल्यावरून, हीटर २५ वरून २७ अंशांवर नेला गेला. तापमान वाढवण्याचा उपाय पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर केला जातो हे खरे आहे, कारण त्या परजीवीचे जीवनचक्र उष्ण पाण्यात लवकर पुरे होते आणि औषधाला तो लवकर सापडतो. येथे मात्र एकाही माशाच्या अंगावर असा ठिपका नव्हता.

निरीक्षण आणि मोजमाप

पहिली पाहणी मुद्दाम पाणी बदलण्याच्या आदल्या दिवशी, सकाळी दिवा लावण्यापूर्वी करण्यात आली, कारण टाकीची सर्वांत वाईट स्थिती त्याच वेळी दिसते. ओरांडांच्या कल्ल्यांची झाकणे भराभर हलत होती. त्यांपैकी पांढुरक्या माशाच्या शेपटीत केसासारख्या बारीक लाल रेषा स्पष्ट दिसत होत्या आणि शेपटीची कडा किंचित झिजलेली होती. तीनही टेट्रा फिल्टरच्या मागच्या कोपऱ्यात दबून होते आणि त्यांची निळी पट्टी फिकी पडली होती. सकर तळाशी निपचित होता. एअर पंप बंद होता; आवाजाने झोपमोड होते म्हणून तो रात्री बंद ठेवण्याची पद्धत पडली होती.

टाकीच्या बाहेरून काचेवर चिकटवलेली तापमानपट्टी २५ अंश दाखवत होती. पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरने २७ अंश दाखवले. बाहेरची पट्टी एका बाजूने काचेला आणि दुसऱ्या बाजूने खोलीतल्या हवेला लागून असते, त्यामुळे खोली थंड असेल तर ती नेहमी कमीच सांगते. अंदाज घेण्यापुरती ती ठीक आहे, पण हीटर लावताना तिच्यावर विसंबू नये.

टेस्ट किटने एकूण अमोनिया लिटरमागे १ मिलिग्रॅम, नायट्राइट ०.५ मिलिग्रॅम आणि नायट्रेट सुमारे १० मिलिग्रॅम दाखवले. पीएच ८ होता. जुन्या, स्थिरावलेल्या टाकीत यातले पहिले दोन आकडे शून्य असायला हवेत. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या अमोनियाचे एका प्रकारचे जिवाणू नायट्राइट करतात आणि दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जिवाणू पाण्यात तरंगत नाहीत, तर स्पंजवर, खडीवर आणि काचेवर वस्ती करतात, आणि ती वस्ती पुरेशी दाट व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. दर आठवड्याला खडी आणि स्पंज क्लोरीनयुक्त पाण्याने धुतल्यामुळे ही टाकी वर्षभरानंतरही नव्या टाकीसारखीच राहिली होती.

येथवर पाहिले तर प्रकरण स्वच्छतेच्या चुकीच्या पद्धतीचे वाटते, आणि धुण्याची पद्धत सुधारा एवढेच सांगून थांबता आले असते. मला ते निदान अपुरे वाटले. स्पंज एकदाही धुतला नसता तरी हे मासे या पाण्यात आणि या तापमानात फार काळ सुखाने राहिले नसते. बिघाडाचे मूळ टाकीचे आकारमान आणि तापमान या दोन गोष्टी स्वतंत्रपणे ठरवल्या गेल्या, यात होते.

तापमानाचा हिशोब

गोल्डफिश थंड पाण्याचा मासा आहे. १८ ते २३ अंशांचे पाणी त्याला मानवते आणि ओरांडासारख्या गोल, जड शरीराच्या जातींना २० ते २२ अंश सर्वांत चांगले. निऑन टेट्राचे मूळ घर म्हणजे अमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातले, झाडांच्या सावलीतले, मऊ आणि किंचित आम्लधर्मी पाण्याचे ओढे. त्याला २२ ते २५ अंश पुरतात. सकर २३ ते २८ अंशांत राहतो. २७ अंशांचे पाणी या तिघांपैकी एकट्या सकरला सोयीचे होते.

गोल्डफिश २७ अंशांत तत्काळ मरत नाही, आणि फसगत तिथेच होते. तो बराच काळ तग धरतो, खातो, वाढतोही, आणि त्यावरून सर्व ठीक आहे असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात २१ वरून २७ अंशांवर गेल्याने तीन गोष्टी एकाच वेळी बदलतात. समुद्रसपाटीला २१ अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ८.९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर २७ अंशांत सुमारे ८ मिलिग्रॅम. म्हणजे पुरवठा एक दशांशाने घटतो. मासा शीतरक्ताचा असल्यामुळे दर १० अंशांच्या वाढीला त्याचा चयापचय ढोबळमानाने दुप्पट होतो, आणि त्या मानाने ६ अंशांना त्याची प्राणवायूची गरज जवळजवळ दीडपट होते. चयापचय वाढला की त्याच्यामागोमाग अमोनियाचे उत्सर्जनही वाढते.

तिसरी गोष्ट टेस्ट किटवर थेट दिसत नाही. किट एकूण अमोनिया मोजते, पण त्यातला फक्त काही अंशच कल्ल्यांतून आत शिरणाऱ्या, विषारी स्वरूपात असतो, आणि तो अंश पीएच व तापमान यांवर अवलंबून असतो. पीएच ८ असताना २१ अंशांत तो सुमारे ४ टक्के असतो आणि २७ अंशांत ६ टक्क्यांच्या किंचित वर जातो. लिटरमागे १ मिलिग्रॅम अमोनियातला ०.०६ मिलिग्रॅम भाग म्हणजे कल्ल्यांना इजा करणारी मात्रा होय. त्याच किटवर तोच आकडा २१ अंशांत आला असता तर परिस्थिती वाईटच असती, पण विषाचा भार दोन तृतीयांशच राहिला असता.

थोडक्यात, कल्ले अमोनियाने दुखावलेले, त्यांच्याकडून अपेक्षा दीडपट आणि पाण्यात प्राणवायू कमी, अशा स्थितीत हे मासे रात्रभर पंपाविना राहत होते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे पहाटे त्याचे प्रमाण सर्वांत कमी असते. सकाळची ती उघडझाप श्वासासाठी होती. तिला उत्तर म्हणून टाकलेले खाद्य पुन्हा अमोनियातच रूपांतरित होत होते.

आकारमानाचा हिशोब

छंदाच्या जगात एक नियम सर्रास सांगितला जातो: माशाच्या दर अडीच सेंटिमीटर लांबीमागे चार लिटर पाणी. आणतानाच्या लांबी मिळवल्या तर दोन गोल्डफिशांचे १०, सहा टेट्रांचे १५ आणि सकरचे ६, असे एकूण ३१ सेंटिमीटर होतात आणि नियमाने पाणी लागते ५० लिटर. म्हणजे या नियमाच्या कसोटीवर ही टाकी पहिल्या दिवशी उत्तीर्ण होती. या प्रकरणाचा मला सर्वांत बोधप्रद वाटणारा भाग हाच, कारण येथे कोणी निष्काळजीपणा केलेला नव्हता. विचारून, मोजून, नियमाप्रमाणेच मासे आणले गेले होते.

नियम फसतो तो दोन ठिकाणी. दुकानात दिसतात ती पिल्ले असतात. ओरांडा पूर्ण वाढीला १५ ते २० सेंटिमीटरचा होतो आणि नीट सांभाळला तर दहा वर्षांहून अधिक जगतो. सामान्य सकर ३० सेंटिमीटर सहज ओलांडतो. दुसरे असे की पाण्यावरचा भार माशाच्या लांबीवर नव्हे, वजनावर ठरतो, आणि शरीराची ठेवण तीच राहिली तर वजन लांबीच्या घनाने वाढते. ५ सेंटिमीटरचा गोल्डफिश १५ सेंटिमीटरचा होतो तेव्हा त्याची लांबी तिप्पट आणि वजन सुमारे सत्तावीसपट झालेले असते. लांबीचा नियम त्याला तिप्पटच पाणी देतो. टेट्रासारख्या सडपातळ, साडेतीन सेंटिमीटरच्या पुढे न जाणाऱ्या माशांना तो नियम ढोबळपणे चालतो. गोल्डफिशला तो लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर नेहमी येणारे उत्तर असे की मासा टाकीएवढाच वाढतो. या कुटुंबालाही तसेच सांगण्यात आले होते. लहान टाकीत मासा खुरटतो हे खरे आहे, परंतु तो जागा पाहून आपली वाढ आवरत नाही. साठत जाणारा कचरा, सततचा ताण आणि पोहायला नसलेली जागा यांमुळे त्याची वाढ बिघडते आणि त्यासोबत आयुष्यही आखडते. खुरटलेला मासा आजारी मासा असतो.

लिटरांइतकेच महत्त्व टाकीच्या ठेवणीला आहे. प्राणवायू मुख्यतः पृष्ठभागातून पाण्यात येतो, म्हणून तेवढ्याच पाण्याची उंच, अरुंद टाकी आडव्या टाकीपेक्षा कमी माशांना पुरते. या टाकीचा पृष्ठभाग १,८०० चौरस सेंटिमीटर होता. एंजेलफिशसारख्या उभ्या अंगाच्या माशाला उंची लागते, पण गोल्डफिश आणि टेट्रा हे आडवे पोहणारे मासे आहेत आणि त्यांना लांबीच हवी.

आकारमान आणि तापमान यांचा सांधा हीटरच्या साध्या गणितातही दिसतो. एक लिटर पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. १०० वॅटचा हीटर, बाहेर जाणारी उष्णता सोडून दिली तर, ५० लिटर पाणी सुमारे ३५ मिनिटांत एक अंशाने तापवतो. १४५ लिटरांना त्याच हीटरने एक तास चाळीस मिनिटे लागतात. हीटरचा थर्मोस्टॅट अडकून तो चालूच राहिला तर लहान टाकी तीन तासांत धोक्याच्या पातळीला जाते, मोठ्या टाकीत मात्र चूक लक्षात यायला वेळ मिळतो. वीज गेल्यावर पाणी थंड होण्याच्या बाबतीतही हेच घडते. लहान टाकी सांभाळायला सोपी, म्हणून नवशिक्याने तिथून सुरुवात करावी, हा सल्ला त्यामुळेच मला उलटा वाटतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत मोहाचा होता: तापमान २३ अंशांवर आणावे, म्हणजे तिघांच्याही मर्यादा तिथे जेमतेम जुळतात. कागदावर ते जुळते हे मान्य केले पाहिजे. पण तापमान जुळल्याने गोल्डफिशचा कचरा कमी होत नाही, टेट्राला हवे ते मऊ पाणी आणि गोल्डफिशला मानवणारे कठीण पाणी एक होत नाही, आणि गोल्डफिश तोंडात मावेल ते खातो ही गोष्टही बदलत नाही. नाहीशा झालेल्या तीन टेट्रांपैकी दोघांचे अवशेष कधीच सापडले नव्हते. शिवाय मधल्या आकड्यावर प्रत्येक मासा आपल्या मर्यादेच्या काठावर राहतो आणि ऋतू पालटला की कोणीतरी एक त्या काठावरून खाली जातो.

दुसरा पर्याय, सर्वांसाठी एक मोठी टाकी घेण्याचा, याच कारणांनी बाद झाला. तिसरा पर्याय माशांना वेगळे करण्याचा होता आणि तोच स्वीकारला गेला. जुन्या टाकीत टेट्रा राहतील, गोल्डफिशसाठी ९० × ४५ × ४५ सेंटिमीटरची टाकी येईल आणि सकर अशा पालकाकडे जाईल ज्याच्याकडे त्याच्या पूर्ण वाढीला पुरेशी टाकी आधीपासून आहे. नको असलेला सकर नदीत किंवा तळ्यात सोडण्याचा विचार घरात बोलला गेला होता. तो ठामपणे थांबवावा लागला. या जातीचे मासे त्यांच्या मूळ प्रदेशाबाहेर अनेक देशांच्या पाण्यांत पसरले आहेत, तिथल्या स्थानिक माशांचे अन्न आणि जागा बळकावतात, आणि एकदा रुजले की काढता येत नाहीत.

नव्या टाकीत खडी आणि मोकळी जागा सोडून सुमारे १४५ लिटर पाणी राहते आणि पृष्ठभाग ४,०५० चौरस सेंटिमीटर होतो. पाणी, काच आणि खडी मिळून वजन दोनशे किलोंच्या वर जाते. ते पेलणारा सपाट, मजबूत स्टँड आणि जमिनीचा समतल यांची खात्री टाकी आणण्यापूर्वी करून घेण्यात आली. टाकीला ऊन लागू नये म्हणून खिडकीपासून दूरची भिंत निवडली गेली.

अंमलबजावणी

पहिल्या दिवसापासून पंप रात्रंदिवस चालू ठेवला, खाद्य दिवसाआड आणि चिमूटभर केले, आणि पूर्ण पाणी बदलणे थांबवून रोज एक तृतीयांश पाणी, क्लोरीन काढून आणि टाकीच्या तापमानाला आणून, बदलले जाऊ लागले. स्पंज धुणे बंद केले. पुढे तो धुवावा लागेल तेव्हा टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळावा, असे ठरले. हीटर रोज एक अंशाने उतरवत तीन दिवसांत २४ अंशांवर आणला.

नव्या टाकीचे पाणी हीटरशिवाय खोलीच्या तापमानाला २२ अंशांवर स्थिरावले होते. गोल्डफिशना त्यांच्याच पाण्यासह मोठ्या भांड्यात घेऊन, तासभर थोडे थोडे नवे पाणी मिसळत, मग आत सोडण्यात आले. जुना फिल्टर त्यांच्याबरोबर गेला, कारण बहुतेक कचरा त्यांचाच होता आणि जिवाणूंची जी काही वस्ती शिल्लक होती तिची गरज त्यांनाच अधिक होती. तीन टेट्रांचा भार ५० लिटर पाण्यात इतका कमी असतो की नवा स्पंज फिल्टर आणि बेताचे खाद्य त्यांना पुरले. जुना हीटर २४ अंशांवर त्यांच्याकडेच राहिला. त्याची जागा मात्र कोपऱ्यातून काढून फिल्टरच्या प्रवाहाजवळ केली, जेणेकरून वरचे पाणी तापलेले आणि तळ थंड अशी स्थिती राहू नये.

गोल्डफिशच्या टाकीत अमोनिया दुसऱ्या आठवड्यात शून्यावर आला. नायट्राइट त्यानंतर काही काळ वाढला आणि तेवढ्यापुरते पाणी अधिक वेळा बदलावे लागले. पाचव्या आठवड्याच्या अखेरीस तोही शून्य झाला. सकाळची उघडझाप त्याआधीच, हलवल्यापासून काही दिवसांतच थांबली होती. शेपटीतल्या लाल रेषा हळूहळू गेल्या आणि कडा पुन्हा पारदर्शक धारेने वाढू लागली. दोघांपैकी लहान मासा मात्र पाठीत किंचित वाकलेला आहे आणि त्याची वाढ दुसऱ्याच्या मागे पडलेली आहे. ती भरून निघेल असे वाटत नाही.

टेट्रा हा थव्याने राहणारा मासा असल्यामुळे तिघांना एकटे ठेवणे योग्य नव्हते. त्यांच्या टाकीतले अमोनिया आणि नायट्राइट हे दोन्ही आकडे सलग शून्य येऊ लागल्यावरच, वेगळ्या लहान टाकीत काही आठवडे देखरेखीखाली ठेवून, आणखी सात टेट्रा दोन टप्प्यांत आणले गेले. दहा टेट्रांना ही टाकी पुरते. रिकाम्या दिसणाऱ्या जागेत एखादा फायटर (बेटा) मासा ठेवावा का, असे विचारण्यात आले होते. फायटरला २५ ते २८ अंशांचे उबदार पाणी आणि जवळजवळ स्थिर पृष्ठभाग लागतो, म्हणून त्याला नकार देण्यात आला.

गोल्डफिशच्या टाकीत आता थर्मामीटर पाण्यात बुडवलेला आहे आणि रोज दुपारी त्याची नोंद होते. उष्ण महिन्यांत पाणी २५ अंशांवर जाऊ लागले तर झाकण काढून जाळी लावायची, पृष्ठभागावरून पंख्याचा वारा सोडायचा, एअर स्टोनची (पंपाची हवा बारीक बुडबुड्यांत सोडणाऱ्या सच्छिद्र खड्यांची) संख्या वाढवायची आणि खाद्य निम्म्यावर आणायचे, असे ठरले आहे. पंख्याने पाणी उडते आणि क्षार मागे राहतात, म्हणून नुसती भर न घालता अंशतः पाणी बदलणे त्या काळातही चालू ठेवायचे आहे. बर्फ थेट टाकायचा नाही, कारण काही मिनिटांत चार-पाच अंशांची घसरण माशाला २६ अंशांच्या दुपारपेक्षा अधिक घातक ठरते.